अपील चालू, पैसे कोर्टात

पुणे जिल्ह्यात औंढे, कुसगावच्या बाजूला एखाद्या बांधकामावर सेंट्रिंगचा कामगार पडून मेला, तर घरच्यांना भरपाई मिळायची ती १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने. आता त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असली, तरी जुन्या अपघातांचे खटले अजून वर्षानुवर्षे चालतील. हा जुना कायदा मुद्दामच घाईचा केलेला आहे. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, महिनाभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज लागते आणि सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंडही. आयुक्तांनी तीन महिन्यांत निकाल द्यावा, असे २००९ च्या दुरुस्तीने घातले. अपिलाची वाटही अरुंदच ठेवली: उच्च न्यायालयात, साठ दिवसांत, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच, शिवाय अपील करणाऱ्या मालकाने रक्कम आधी आयुक्तांकडे भरायची. वाचताना वाटते, कामगाराच्या बाजूने आणखी काय करायचे राहिले?

राहिले होते ते कलम ३०-अ मध्ये, जे २०१७ मध्ये वगळले गेले. तोवर मालकाने अपील केले की भरलेली रक्कम आयुक्त रोखून धरू शकत, आणि उच्च न्यायालयाने सांगितले तर रोखावीच लागे. म्हणजे पैसे मालकाच्या खिशातून गेलेले असत आणि विधवेच्या हातात आलेले नसत. मालकाचे याने फारसे अडत नसे. घरच्यांना मात्र उसनवारीवर दिवस काढावे लागत, आणि मग ठेकेदाराचा माणूस थोडक्यात मिटवायला येई तेव्हा नाही म्हणायची ताकद उरत नसे. माझे म्हणणे अपील बंद करा असे नाही. कलम गेले तरी, अपील चालू असताना पैसे अडवणे हा अपवादच असावा, एवढेच आहे.

अपील बंद करा असे म्हणताच येणार नाही, हे धाराशिव जिल्ह्यातल्या एका प्रकरणाने दाखवले. साखर कारखान्याचा वॉचमन २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीला निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केले. विमा कंपनी अपिलात गेली आणि २०११ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल फिरवला: अपघात कामाच्या ठिकाणी झालेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये आयुक्तांचा निकाल पुन्हा कायम केला. कामावर जाण्याचा रस्ता आणि काम यांचा संबंध जुळत असेल तर तो अपघात कामातलाच. वरचे अपील नसते तर हे कुटुंब हरलेच होते. पण बावीस वर्षे! ३,२६,१४० हा आकडा येतो तो चार हजार पगाराच्या निम्म्याला १६३.०७ ने गुणून. त्या काळी कायदा चार हजारांवरचा पगार हिशेबात धरत नसे. पुढे ही मर्यादा आठ आणि २०२० मध्ये पंधरा हजारांवर गेली, पण तोवर अपघात जुना झालेला होता.

व्याजाने उशिराची भरपाई होते, असे विमा कंपन्यांचे वकील सांगतात. व्याज आहे सरळ, आणि ते येते शेवटी. मुलांची शाळा मध्येच सुटते.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे: पैसे वाटून टाकले आणि मालक जिंकला, तर ते परत कोण देणार? परत मिळणे अवघड, हे मान्य. पण जोखीम कोणावर टाकायची हा निर्णय कायद्यालाच घ्यावा लागतो. विमा कंपनीचा धंदाच जोखमीचा आहे, हप्त्यात ती बसवता येते. कर्ता माणूस गेलेल्या घराला ती कुठेच बसवता येत नाही. आणि सगळी रक्कम एकदम द्यायलाच हवी असेही नाही. स्त्रिया आणि अज्ञान वारसांच्या वाट्याची रक्कम गुंतवून त्यांच्या गरजेप्रमाणे देण्याचा अधिकार कलम ८ ने आयुक्तांना दिलेलाच आहे. तोच अधिकार अपिलाच्या काळातही वापरून, भरलेल्या रकमेतून दरमहा घरखर्चापुरते देता येईल. मालक शेवटी जिंकलाच, तर शिल्लक त्याची. पूर्ण रक्कम रोखायची असेल तर त्याची कारणे लेखी द्यावी लागावीत, आणि ती मागणी करणाऱ्या मालकाने मांडावीत. कारण औंढ्याहून मुंबईच्या हायकोर्टात वकील उभा करायचा खर्च त्या घराला परवडत नाही, आणि पुणे जिल्हा कोल्हापूरच्या नव्या खंडपीठाकडेही नाही.