विश्लेषण: नांदेडहून हैदराबादला निघालेलं विमान वाटेत 'हद्द' ओलांडतं, तेव्हा जबाबदारी कोणाची?

27 एप्रिल 2017 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी शिमल्यातून 'उडान' योजनेच्या पहिल्या विमानसेवांना हिरवा झेंडा दाखवला. त्यात नांदेड-हैदराबाद हा मार्गही होता. सरळ रेषेत हे अंतर जेमतेम 245 किलोमीटर आहे. तरीही एवढ्याशा प्रवासात विमान देशातल्या दोन मोठ्या हवाई विभागांची हद्द ओलांडतं. प्रवाशाला ते कळतही नाही. पण त्या काही मिनिटांत विमानाची जबाबदारी एका नियंत्रकाकडून दुसऱ्याकडे जाते. यालाच 'हँडऑफ' म्हणतात.

आता देशाचं सगळं आकाश नागपुरातून एकसंधपणे हाताळण्याची योजना पुढे आली आहे. मग या हद्दी पुसल्या जाणार का?

आकाशातल्या हद्दी कशा असतात?

भारताचं आकाश मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई अशा चार 'एफआयआर'मध्ये वाटलेलं आहे. ही पोलीस ठाण्यातली एफआयआर नव्हे, तर 'फ्लाइट इन्फॉर्मेशन रीजन'. शिवाय गुवाहाटीचा एक उपविभाग आहे. प्रत्येक एफआयआरचे पुन्हा लहान तुकडे असतात, त्यांना सेक्टर म्हणतात.

नांदेड आणि लातूर मुंबई एफआयआरमध्ये येतात, हैदराबाद चेन्नईच्या. विमानतळांच्या आंतरराष्ट्रीय संकेतांकांतही हे दिसतं. नांदेडचा संकेतांक 'व्हीएएनडी', लातूरचा 'व्हीएएलटी'. शेजारच्या बीदरचा मात्र 'व्हीओबीआर' आणि हैदराबादचा 'व्हीओएचएस'. सुरुवातीचं 'व्हीए' साधारणपणे पश्चिम विभाग दाखवतं, 'व्हीओ' दक्षिण.

लातूरहून सध्या नियमित प्रवासी विमानसेवा नाही, पण आकाश रिकामं नाही. नकाशावर मुंबई ते हैदराबाद सरळ रेषा ओढली, तर ती लातूरच्या दक्षिणेकडून, तुळजापूर-उमरगा परिसरावरून जाते. म्हणजे मराठवाड्याचा हा भाग दोन विभागांच्या शिवेला लागून आहे.

हँडऑफ नेमका कसा होतो?

लातूरकरांना रेल्वेचं उदाहरण ओळखीचं आहे. लातूर स्टेशन मध्य रेल्वेत, तर लातूर रोड दक्षिण मध्य रेल्वेत. गाडी एका झोनमधून दुसऱ्यात जाते. फरक इतकाच की पुढची लाइन मोकळी नसेल तर गाडी सिग्नलला थांबवता येते. विमान थांबत नाही. मोठं जेट विमान मिनिटाला सुमारे 14 किलोमीटर जातं. म्हणून सगळी बोलणी हद्द येण्याआधीच व्हावी लागतात.

पहिली पायरी: आधीचा नियंत्रक पुढच्या सेक्टरला विमानाचा कॉलसाइन, उंची आणि हद्दीवरच्या ठरलेल्या बिंदूवर पोहोचण्याची अंदाजे वेळ कळवतो. हे संगणकावरून किंवा थेट फोनवरून होतं.

दुसरी: पुढचा नियंत्रक विमान स्वीकारतो. त्या उंचीवर गर्दी असेल तर आधी उंची किंवा वेग बदलायला सांगतो.

तिसरी: वैमानिकाला नवी रेडिओ फ्रिक्वेन्सी दिली जाते. तो ती मोठ्याने पुन्हा म्हणून दाखवतो. ऐकण्यात चूक झाली असेल तर ती इथेच पकडली जाते.

चौथी: नव्या फ्रिक्वेन्सीवर उत्तर मिळालं नाही, तर वैमानिक जुन्या फ्रिक्वेन्सीवर परततो.

कोणत्या बिंदूवर, किती उंचीवर विमान सोपवायचं, हे शेजारच्या केंद्रांमध्ये लेखी करारानं आधीच ठरलेलं असतं. नियम एकच: कोणत्याही क्षणी विमान बेवारस नसावं आणि त्याला दोन मालकही नसावेत.

साखळी तुटली तर काय होतं?

1 जुलै 2002 च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेन शहरावर एक रशियन प्रवासी विमान आणि एक मालवाहू विमान एकमेकांवर आदळलं. 71 जणांचा मृत्यू झाला, त्यात बहुतेक शाळकरी मुलं होती. हा भाग जर्मनीचा असला, तरी तिथल्या आकाशाचं नियंत्रण स्वित्झर्लंडच्या झुरिक केंद्राकडे होतं. त्या रात्री तिथे एकच नियंत्रक काम करत होता आणि मुख्य फोन यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद होती. शेजारच्या कार्ल्सरूह केंद्राला धोका दिसला, पण झुरिकला फोन लागलाच नाही. अपघाताची कारणं अनेक होती. तरी ज्याला धोका दिसला त्याच्या हातात नियंत्रण नव्हतं आणि ज्याच्या हातात होतं त्याच्यापर्यंत निरोप पोहोचला नाही, हे त्यातलं एक मोठं कारण होतं.

भारतातही 21 मे 2025 रोजी हद्दीचा प्रश्न उभा राहिला. दिल्लीहून श्रीनगरला निघालेलं इंडिगोचं विमान पठाणकोटजवळ गारपिटीच्या ढगांसमोर आलं. डीजीसीएच्या माहितीनुसार, सीमेच्या दिशेनं वळण्याची वैमानिकांची विनंती भारतीय हवाई दलाच्या नॉर्दर्न कंट्रोलनं मान्य केली नाही. नंतर लाहोरकडे परवानगी मागितली, तीही नाकारली गेली. विमान ढगातून गेलं आणि सुदैवानं श्रीनगरला सुखरूप उतरलं.

'इशान' आल्यावर काय बदलेल?

भारतीय विमानतळ प्राधिकरणानं 2024 मध्ये 'इशान' प्रकल्पाच्या सविस्तर अहवालासाठी प्रस्ताव मागवले. चारही एफआयआर आणि गुवाहाटीचा उपविभाग जोडून नागपुरातून एकसंध आकाश चालवायचं, ही त्यामागची कल्पना आहे.

यातून मुंबई-चेन्नईसारख्या हद्दी पुसट होतील, पण हँडऑफ संपणार नाहीत. एक नियंत्रक एका वेळी मोजकीच विमानं सांभाळू शकतो, त्यामुळे सेक्टर राहणारच. फायदा इतकाच की दोन्ही बाजूंना एकच पडदा, एकच माहिती आणि एकच नियमावली असेल.

धोकाही तिथेच आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीत फ्लाइट प्लॅन पोहोचवणारी संदेश यंत्रणा बिघडली. नियंत्रकांना तेच काम हातानं करावं लागलं आणि 800 हून अधिक विमानांना उशीर झाला. उद्या सगळं आकाश एका केंद्राला जोडलं, तर तिथला बिघाड एका शहरापुरता राहणार नाही.

म्हणून 'इशान'कडे पाहताना किती हद्दी कमी झाल्या, एवढंच मोजून चालणार नाही. पर्यायी यंत्रणा किती, रात्रपाळीला नियंत्रक किती आणि मुख्य लाइन बंद पडल्यावर दुसरी लागते का, या तीन प्रश्नांची उत्तरं आधी मिळायला हवीत. मराठवाड्यावरून जाणाऱ्या प्रत्येक विमानाची सुरक्षितता त्यावर अवलंबून असेल.