जंतूला जात नसते, उपचाराला मात्र असते!

झरी जामणी तालुक्यातील कोलाम पोडावरचा एखादा शेतमजूर कर्करोगाची केमोथेरपी घेऊन नागपूरहून परततो. आठ-दहा दिवसांनी त्याला ताप भरतो. घरच्यांना तो साधाच ताप वाटतो. प्रत्यक्षात औषधांनी त्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात. अशा वेळी जंतू रक्तात शिरले तर माणूस काही तासांत दगावू शकतो. रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. पण नागपूर दीडशेहून अधिक किलोमीटर दूर! तिथवर पोचायलाच अर्धा दिवस जातो.

पोचल्यावरही धोका टळत नाही. क्लेबसिएला, ई. कोलाय यांसारखे जंतू आता कार्बापेनेमसारख्या राखीव औषधांनाही दाद देत नाहीत. कोणते औषध लागू पडेल, हे रक्ताच्या कल्चरमधून कळायला दोन-तीन दिवस लागतात. अशाच जंतूंमधील ‘नवी दिल्ली’चे नाव दिलेल्या विकरावरून २०१० साली गदारोळ झाला. राज्यकर्त्यांना चिंता होती देशाच्या बदनामीची, वॉर्डात तडफडणाऱ्या रुग्णाची नव्हे!

वाटेल तशा अँटिबायोटिक गोळ्या खाल्ल्याने जंतू निर्ढावतात, हे खरे. राखीव औषधांच्या विक्रीची नोंद ठेवण्याचा शेड्यूल एच-१ हा नियम २०१४ पासून लागू आहे. पण जिथे डॉक्टरच भेटत नाही, तिथे गरिबाने औषध दुकानाशिवाय जायचे कुठे? दोष त्याच्या अडाणीपणाचा की व्यवस्थेचा?

हे जंतू वॉर्डात हातांवरून, सलाईनच्या नळ्यांवरून पसरतात. त्यांना रोखणारी पहिली फळी म्हणजे सफाई कामगार. तो बहुधा आपल्याच समाजाचा, कंत्राटी आणि प्रशिक्षणाविना राबणारा. त्याला हातमोजे नाहीत, मग जंतुसंसर्ग थांबणार कसा?

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. मात्र कार्ड हाती असून जवळ प्रयोगशाळा नसेल, तर ते कार्ड तापात काय कामाचे? म्हणून मागणी स्पष्ट आहे. तालुक्याच्या रुग्णालयात पहिला डोस चोवीस तास मिळावा. जिल्ह्यात कल्चरची सोय अखंड चालावी. सफाई कामगार कायम व्हावेत. ‘१००.४ अंश ताप आला की लगेच रुग्णालय गाठा’ अशी मराठी चिठ्ठी प्रत्येक केमो रुग्णाच्या हाती द्यावी.

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे संविधानाचे कलम ४७ सांगते. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीमाईंनी प्राण दिले. त्यांच्या वारसांनी आता दयेची याचना करू नये. हक्काचा जाब विचारावा!