कुंपण किती लांब होते?

विक्रमांचे आकडे वाचण्याचे मला लहानपणापासून वेड. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, त्यामुळे आकड्यांचा धाकही मोठा. गुणपत्रिकेवरचा आकडा हीच माणसाची किंमत, असे घरीदारी सगळेच धरून चालतात. मीही तसेच मानत होतो. अमेरिकेतल्या बेसबॉलचा जुना इतिहास वाचला आणि या समजुतीला तडा गेला.

होमरन म्हणजे फलंदाजाने चेंडू असा टोलवायचा, की तिन्ही बेसना वळसा घालून एका दमात पुन्हा मूळ जागा गाठता यावी. १८७६ साली नॅशनल लीगच्या पहिल्या हंगामात जॉर्ज हॉलने सर्वाधिक होमरन काढले. किती? अवघे ५! आणि १८८४ मध्ये शिकागोच्या नेड विल्यमसनने एकदम २७!

हा चमत्कार घडला कसा? शिकागोच्या मैदानाचे उजवे कुंपण फलंदाजापासून दोनशे फुटांच्याही आत होते. १८८३ मध्ये त्या कुंपणापलीकडे गेलेल्या चेंडूला दोनच बेस मिळत. त्या वर्षी विल्यमसनचे दोन बेसचे टोले ४९ आणि होमरन फक्त २. पुढच्या वर्षी नियम बदलला आणि तोच टोला होमरन ठरला. २७ पैकी २५ होमरन घरच्या मैदानावरचे होते. १८८५ मध्ये संघाने मैदान बदलले आणि विल्यमसन ३ वर आला. तरीही त्याचा विक्रम १९१९ मध्ये बेब रूथने २९ होमरन काढीपर्यंत अबाधित राहिला.

मग विल्यमसन लबाड होता काय? मुळीच नाही. त्याच मैदानावर, त्याच नियमाने त्याच्या संघातल्या फेफरचे २५, डॅलरिंपलचे २२ आणि अॅन्सनचे २१ झाले. कुंपण सर्वांना सारखेच जवळ होते; पहिला आला तो विल्यमसनच. त्याचे श्रेय काढून घ्यावे असे मी म्हणत नाही. आकड्याशेजारी कुंपणाचे अंतरही लिहावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

दुसरी बाजू रॉजर कॉनरची. १८८० ते १८९७ या काळात त्याने १३८ होमरन काढले. एकोणिसाव्या शतकात एवढे कोणाचेच नव्हते. १९२१ मध्ये रूथने त्याला मागे टाकले तेव्हा कॉनर हयात होता. पण कोणी दखलही घेतली नाही, कारण कारकिर्दीची बेरीज तेव्हा कोणी ठेवतच नव्हते. १९३१ मध्ये तो वारला. हॉल ऑफ फेममध्ये त्याचे नाव लागले ते १९७६ मध्ये!

आणि ज्यांना मैदानातच येऊ दिले नाही त्यांचे काय? त्याच १८८४ मध्ये फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडोकडून वरच्या दर्जाच्या लीगमध्ये खेळला. त्यानंतर कृष्णवर्णीयांना तिथले दार बंद झाले, ते १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत. २०२४ पर्यंत अधिकृत यादीत त्यांच्या नावापुढे शून्यदेखील नव्हते.

मित्रहो, निकालाच्या फलकावर नावे लागतात तेव्हा मला हे सारे आठवते. कोणी शिकवणी लावून, कोणी शेतातली कामे उरकून त्या यादीत आलेला असतो. माझे कुंपण लांब होते, ही सबब मला सांगायची नाही. अभ्यास मलाच केला पाहिजे. पण आकडा वाचणाऱ्याने एकदा तरी विचारावे, कुंपण किती लांब होते?