एका होकाराची किंमत

कटुतेने ग्रासलेल्या मनुष्याचे हृदयपरिवर्तन पडद्यावर दाखवावयाचे म्हणजे त्याला ढसढसा रडवावे किंवा त्याच्या मुखी पश्चात्तापाचे प्रदीर्घ स्वगत घालावे, अशी जी समजूत आपल्या चित्रपटांत आणि मालिकांत दृढमूल झाली आहे, तिच्यावरचा उतारा म्हणून मायकेल कर्टिझ यांचा १९४२ सालचा ‘कासाब्लांका’ हा अमेरिकी चित्रपट आजही पुढे ठेवता येईल.

फ्रान्सच्या पाडावानंतर व्हिशी सरकारच्या अंमलाखाली राहिलेल्या मोरोक्कोतील कासाब्लांका या बंदरात, लिस्बनमार्गे अमेरिका गाठण्याच्या आशेने परवान्यांसाठी तिष्ठत पडलेल्या निर्वासितांच्या गर्दीत, कॅफे चालविणारा रिक ब्लेन कोणाच्याही भानगडीत न पडण्याचे व्रत घेऊन बसला आहे. हम्फ्री बोगार्टने साकारलेला हा मनुष्य मूळचा उदासीन मात्र नव्हे. १९३५ साली इथिओपियाला शस्त्रे पोहोचविणारा आणि पुढे स्पेनच्या यादवीत प्रजासत्ताकाच्या बाजूने लढलेला हा गृहस्थ, पॅरिस सोडताना त्याची प्रेयसी इल्सा स्थानकावर आलीच नाही, तेव्हापासून करपला आहे.

तिचा पती व्हिक्टर लाझ्लो, जर्मनांविरुद्धच्या चळवळीचा पुढारी, रिकच्या हाती असलेले परवाने मागतो, तेव्हा रिक कोणत्याही किमतीस ते देण्याचे नाकारतो. इतक्यात खालच्या दालनात जर्मन अधिकारी आपले गीत गाऊ लागतात. लाझ्लो तडक वाद्यवृंदापाशी जाऊन ‘मार्सेयेज’ हे फ्रान्सचे राष्ट्रगीत वाजविण्यास फर्मावितो. वादक मालकाच्या अनुज्ञेसाठी रिककडे पाहतात, आणि रिक किंचित मान हलवितो. सारा कॅफे गाऊ लागतो, आणि त्याच रात्री जर्मन अधिकाऱ्याच्या सोबतीने आलेली यव्होनही साश्रू नयनांनी गाते. ही भूमिका करणारी मादलेन लबो स्वतः फ्रान्समधून परागंदा झालेली होती. दिग्दर्शकाने अश्रू तिला दिले. रिकचे डोळे कोरडेच ठेवले.

कोणी म्हणेल की रिकचे परिवर्तन त्यापूर्वीच, तरुण बल्गेरियन दांपत्याला त्याने चक्रीच्या जुगारात मुद्दाम जिंकू दिले तेथेच, सुरू झाले होते. ते खरे, परंतु ती दया गुप्त होती, नाकारताही आली असती. मान हलविणे हे भर सभेत, शत्रूच्या डोळ्यांदेखत घडले आणि त्याची किंमत तत्काळ चुकवावी लागली. जर्मन मेजर स्ट्रासरच्या हुकमाने तेथील फ्रेंच पोलीसप्रमुख कॅप्टन रेनो जुगाराची सबब सांगून कॅफे बंद करवितो, आणि त्याच क्षणी आपली जुगारातली कमाई खिशात घालतो!

त्या होकाराने इल्साविषयीचा सल मिटत नाही, परवानेही सुटत नाहीत. तथापि त्याला कोणी उपदेश केला नव्हता, केवळ संमती मागितली होती. आणि दुखावलेला मनुष्य उपदेशाला दाद देत नसला, तरी समोर निर्णय येऊन ठेपला की त्याचा मूळ पिंड जागा होतो, हे या दृश्याचे मर्म होय. म्हणूनच अखेरीस विमानतळावर तो इल्साला पतीसह रवाना करतो, तेव्हा तो त्याग उपरा वाटत नाही.

मन पालटल्याची साक्ष नेत्रजलापेक्षा पदरच्या नुकसानीने अधिक पटते. तेव्हा आमच्या पटकथाकारांनी पात्राला रडविण्यापूर्वी, ते काय गमावणार आहे, एवढे आधी ठरवावे.