आबांनी बसावयाचे कोठे?

दिवाळी जवळ आली की माणसाला आपल्या घराच्या भिंती प्रथमच दिसू लागतात. एरवी वर्षभर त्या असतात, एवढेच. आमच्याकडे यंदा त्या भाद्रपदातच दिसू लागल्या. रंग उडाला आहे, सोफा खचला आहे आणि एकंदर बैठकीची खोली 'कशीतरीच' दिसते, असा ठराव सौभाग्यवतींनी मांडला. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. 'कशीतरीच' म्हणजे नेमकी कशी, असे विचारण्याची चूक मी केली. त्याचे उत्तर पंधरवड्याने रंगाऱ्याच्या रूपाने दारात उभे राहिले.

त्याच सुमारास कन्या नागपुराहून आलापल्लीला सुटीवर आली. ती तेथे गृहसजावटीचे शिक्षण घेते. तिला गृहपाठ मोठा गमतीचा मिळाला होता. दूरचित्रवाणीवरील एखाद्या गाजलेल्या विनोदी मालिकेतील बैठकीची खोली घ्यावयाची आणि ती निरनिराळ्या शैलींत नव्याने सजवून दाखवावयाची. तिने निवडले टिपऱ्यांचे घर. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका २००१ साली सुरू झाली, ती दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वरून. तेव्हा मी नागपुरात एम. ए. करीत होतो आणि घरमालकांच्या बैठकीत दाराजवळ बसून ती पाहत असे. आबा, शेखर, श्यामल, शिऱ्या, शलाका ही माणसे त्या काळी किती घरांत आठवड्याच्या पाहुण्यांसारखी येऊन गेली असतील! त्यांतले शेखर, म्हणजे राजन भिसे, हे स्वतः नेपथ्यकार. घर उभे करण्याची विद्या जाणणारा माणूसच त्या घराचा कर्ता होता, ही गंमत मला कन्येने सांगितली.

तिने आणखीही पुष्कळ सांगितले. मालिकेतल्या घराला बहुधा तीनच भिंती असतात. चौथीच्या जागी कॅमेरे. वर छत नसते, कारण तेथून दिवे सोडावयाचे असतात. सोफा भिंतीला टेकून न ठेवता मधोमध ठेवतात, म्हणजे मागूनही माणसांना ये-जा करता येते. अमेरिकेत १९५१ साली सुरू झालेल्या 'आय लव्ह लुसी'चे चित्रण प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी होत असे, आणि पुढच्या कित्येक मालिकांनी तोच कित्ता गिरवला.

"आणि बाबा, त्यांच्या घरात टीव्ही सहसा दिसत नाही. कारण आपल्याकडे जेथे टीव्ही असतो, तेथे त्यांच्याकडे आपण असतो!"

मी हसलो. त्या वाक्याने पुढे मला छळावयाचे आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

मग चित्रे निघाली. पहिली खोली स्कँडिनेव्हियन. पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड, खिडक्या उघड्या. उत्तरेकडे हिवाळ्यात दिवस तास-दोन तासांचाही होतो, तेव्हा मिळेल तेवढा उजेड खोलीत खेळवावा, हा त्यामागचा हिशोब. आमच्याकडे मे महिन्यात उजेड घराबाहेर ठेवण्यासाठी खिडक्यांना ओल्या चादरी बांधाव्या लागतात, ही गोष्ट वेगळी. दुसरी खोली इंडस्ट्रियल. गिलावा नसलेल्या विटा, उघडे नळ, लोखंडी दिवे. न्यूयॉर्कच्या सोहो भागात ओस पडलेल्या कारखान्यांच्या इमारतींत १९६० च्या सुमारास चित्रकार राहावयास गेले. गिलाव्याला पैसे नव्हते, म्हणून विटा उघड्या राहिल्या. पुढे पैसेवाल्यांनी गिलावा खरवडून त्या उघड्या केल्या.

हे चित्र आमच्या वडिलांनीही पाहिले. त्यांचे सारे आयुष्य येथील सरकारी आरागिरणीत गेले. चष्मा वर सरकवून ते म्हणाले, "बाई, गिरणीतून सुटलो त्याले अठरा वर्सं झाली. आता पुन्हा गिरणीतच बसवता का मले?"

तिसरी खोली आर्ट डेको, मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरच्या घरांसारखी. गोलाई घेतलेले कोपरे, चकचकीत लाकूड. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनाने ही शैली गाजवली आणि मुंबईतल्या तसल्या इमारतींना २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. चौथी खोली वाड्याची. झोपाळा, समया, तांब्याचा हंडा आणि त्या हंड्यात वाळकी फुले. पाचवी मिनिमल. तीत काहीच नव्हते. ते 'काहीच नाही' फार महाग पडते, असे कळले.

चित्रे खरोखर सुरेख होती. परंतु पाचही खोल्या पाहून झाल्यावर मला काहीतरी चुकल्यासारखे वाटले.

"यांत आबा कोठे बसतात?" मी विचारले.

ती चित्रे न्याहाळू लागली. पांढऱ्या सोफ्यावरून आबांना उठता आले नसते, तो फार खोल होता. लोखंडी स्टुलाला पाठ नव्हती. झोपाळा गुडघ्यांना परवडणारा नव्हता. अमेरिकेत 'ऑल इन द फॅमिली' नावाची मालिका होती, तीतल्या आर्ची बंकर नावाच्या चिडखोर गृहस्थाची खुर्ची १९७८ साली तेथील स्मिथसोनियन संग्रहालयात गेली. मालिकेतल्या घरात म्हाताऱ्याची जागा अशी ठरलेली असते. तिच्यावर दुसरा कोणी बसला, तर तेवढ्यावर एक भाग होतो. तू शैली पाचही आणल्यास, पण माणसाची जागा विसरलीस, असे मी बऱ्यापैकी प्राध्यापकी थाटात सुनावले.

कन्या गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, आपल्या घरात आबाजी कुठे बसतात?"

मी बोट दाखवण्यासाठी हात उचलला आणि तो तसाच राहिला.

वडिलांची खुर्ची सागवानी आहे. येथल्या डेपोच्या लिलावात रीतसर घेतलेल्या लाकडाची. त्याची पावती त्यांनी अजून जपून ठेवली आहे. आमच्या या भागातल्या सागवानाची कीर्ती मी काय सांगावी? २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर-गडचिरोलीकडचेच सागवान गेले. रंगकाम सुरू झाले तेव्हा ती खुर्ची 'चार दिवस' म्हणून पडवीत ठेवली होती. रंग वाळला. नागपुराहून प्लायवुडचा नवा सोफा आला. खुर्ची त्याच्याशी 'जुळत नाही' असे ठरले, आणि ठरावाला अनुमोदन माझेच होते. गेला दीड महिना वडील पडवीतच बसत होते. चहा तेथेच, वर्तमानपत्र तेथेच. मधूनच आत येत, दोन मिनिटे उभे राहत आणि "बाहेर हवा चांगली हाय" म्हणून परत जात. आश्विनात आमच्या पडवीत काय हवा असते आणि किती डास असतात, हे मला ठाऊक होते. तरीही मी ते खरे मानले, कारण ते सोयीचे होते.

मला वाटते, शैली म्हणजे कोणाच्या तरी अडचणीवर कोणीतरी काढलेला तोडगा. कोणाला ऊन पुरत नव्हते, कोणाला पैसा. आपण तोडगा तेवढा उचलून आणतो आणि आपली अडचण कोणती, ते पाहावयाचे राहून जाते.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी खुर्ची आत आणली. ती भलतीच जड आहे. कन्येने कागद घेऊन सहावे चित्र काढले, ते आमच्याच खोलीचे. टीव्ही समोरून हलवून कोपऱ्यात नेला. सगळी आसने इतके दिवस त्याच्याकडे तोंड करून होती. टिपरे आमच्याकडे पाहत, आम्ही टिपऱ्यांकडे, आणि एकमेकांकडे मात्र कोणीच नाही! आता सोफा आणि खुर्ची समोरासमोर आहेत. खुर्चीतून दारही दिसते, म्हणजे कोण आले ते वडिलांना आधी कळते.

खुर्ची सोफ्याशी आजही जुळत नाही. सौभाग्यवतींनी दोन-तीनदा तिच्यावर खोळ घालून पाहिली आणि सोडून दिले. वडील काही बोलले नाहीत. फक्त पहिल्या दिवशी बसताना त्यांनी दोन्ही हातांवरून तळवे फिरवले आणि म्हणाले, "रंग द्या लागते हिले."

"आबाजी, कोणता देऊ?" कन्येने विचारले.

"हाय तोच," ते म्हणाले.