जुनी होडी पाण्यातच टिकते



जुन्या लाकडी शिडाच्या होड्या दुरुस्त करत बसण्यापेक्षा संग्रहालयाला द्याव्यात, हे गेल्या अंकातील एका पत्रातले मत मला मुळीच पटले नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ पाहा. मुंबईत सागवानात बांधलेली ही 32 फुटी होडी. एकट्याने, कुठेही न थांबता केलेली पहिली पृथ्वीप्रदक्षिणा 1968-69मध्ये तिच्यावरच झाली. पुढे ती ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात गेली. तिथल्या कोरड्या हवेत फळ्या आकसू लागल्या, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला बाहेर काढून दुरुस्तीला घेतले.

पाण्यात लाकूड फुगते, सांधे घट्ट बसतात. सुकले की फटी पडतात. रंगाने त्या झाकल्या जातात, बुजत नाहीत. त्याहून वाईट लोखंडी बोल्ट. फळीवर गंजाचा तांबूस ओघळ दिसला, की बोल्टभोवतीचे लाकूड बहुधा काळे, भुसभुशीत झालेले असते. तिथे टोचा घालून पाहावा, बोल्ट बदलावा. सागवान दगा देत नाही हो, लोखंड देते!

खर्च होतो, हे पत्रलेखकांचे म्हणणे खरे. पण होडी वापरात ठेवून दरसाल थोडी डागडुजी केली तर तो झेपतो. संग्रहालयाला द्यायचीच असेल, तर धक्क्याशी तरंगती ठेवण्याची अट लेखी घालून घ्या.

– एक वाचक, अलिबाग