न्याय्य भावाची कॉफी आणि काळा गूळ

आमच्या कागल गांवाजवळच्या माळावर जी विस्तीर्ण औद्योगिक वसाहत वसली आहे तिला ‘पंचतारांकित’ म्हणतात. हें नांव प्रथम कानीं पडलें तेव्हां तेथें एखादें भव्य उपाहारगृह निघालें असावें, अशीच आमच्या घरांतील वडील मंडळींची समजूत झाली होती. तेथें उपाहारगृह नसून कारखाने आहेत, सूत निघतें, उंची सदऱ्यांचें कापड विणलें जातें, हें आतां सर्वांस ठाऊक झालें आहे. आमचा मधला नातू तेथल्याच एका कारखान्यांत नोकरीस आहे. मध्यंतरीं एक यंत्र बसविण्यासाठीं जर्मनींतून कारागीर आले होते. परत जातांना त्यांपैकीं एकानें नातवास कॉफीचें पाव किलोचें पुडकें भेट म्हणून दिलें. तें घरीं आलें आणि त्यानें आमच्या चौसोपी घरांत जी चर्चा माजविली तिचाच वृत्तांत या महिन्यांत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

पुडक्यावर दोन चिन्हें होतीं. पहिल्याचा अर्थ असा कीं, ही कॉफी दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांतल्या लहान शेतकऱ्यांच्या सहकारी संघाकडून न्याय्य भावानें घेतली आहे. दुसऱ्याचा अर्थ असा कीं, ती रासायनिक खतें व विषारी फवारे यांवांचून, म्हणजे सेंद्रिय रीतीनें, पिकविली आहे. किंमतीची चिठ्ठी काढावयाची राहून गेली होती. तीवर साडेसात युरो हा आंकडा होता. आपल्या नाण्यांत ही रक्कम सातशें रुपयांच्याही वर जाते. घरखर्चाची वही ज्यांच्या हातीं आहे त्या आमच्या सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, एवढ्या पैशांत आपला दोन महिन्यांचा गूळ येतो. यांतलें त्या शेतकऱ्याच्या हातीं किती पडतें तेवढें सांगा, मग न्याय कोणता तें ठरवूं.”

प्रश्न सरळ होता. परंतु सारा जन्म मुलांस त्रैराशिक शिकविण्यांत घालवूनही आम्हांस त्याचें उत्तर तत्काळ देतां येईना. आम्हीं चार दिवसांची मुदत मागून घेतली.

कॉफी ही आपणांस अगदींच परकी नाहीं. बाबा बुदन नांवाच्या फकिरानें अरबस्तानांतून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरांत लावल्या, ही आख्यायिका प्रसिद्धच आहे. आपल्या महाराष्ट्रांतही विदर्भांत चिखलदऱ्यास कॉफीचे मळे आहेत. परंतु या पिकाचा पूर्वेतिहास फार गोड नाहीं. १८३० पासून डच सरकारनें जावा बेटांतील रयतेवर कॉफी, ऊंस इत्यादि पिकें लावण्याची सक्ती केली. त्या अंमलांतील एडवर्ड डाउवेस डेकर या अधिकाऱ्यानें रयतेचे हाल पाहून नोकरीचा राजीनामा दिला आणि १८६० सालीं ‘मुल्तातुली’ या टोपणनांवानें ‘मॅक्स हावेलार’ ही कादंबरी लिहिली. पुढें १९८८ सालीं हॉलंडांत न्याय्य भावाच्या कॉफीचें पहिलें चिन्ह निघालें, तेव्हां त्यास याच कादंबरीच्या नायकाचें नांव देण्यांत आलें. ती पहिली कॉफी मेक्सिकोंतील ओआहाका प्रांताच्या डोंगराळ भागांतील शेतकऱ्यांची होती. त्यांच्यांत राहून काम करणारे डच धर्मोपदेशक फ्रान्स फान डेर हॉफ आणि हॉलंडांतील कार्यकर्ते निको रोझेन हे या उपक्रमाचे प्रवर्तक होत.

त्याची निकड पुढच्याच वर्षीं पटली. कॉफी उत्पन्न करणारे व विकत घेणारे देश यांच्यांत एक आंतरराष्ट्रीय करार होता व त्यान्वयें निर्यातीचे वांटे ठरत. त्यायोगें भाव सांवरून धरला जाई. जुलै १९८९ मध्यें ही व्यवस्था मोडली आणि भाव कोसळले. २००१ सालीं तर पौंडास ५० सेंटांच्याही खालीं भाव गेला. ज्याची सारी इस्टेट डोंगरउतारावरील दोन-तीन हेक्टर जमीन, ज्यास बाजाराची वार्ता नाहीं, ज्याच्या दारांत एकच व्यापारी येतो, त्या शेतकऱ्याचें अशा वेळीं काय होत असेल, हें आपल्या देशांतील वाचकांस निराळें सांगावयास नको.

या चिन्हाची योजना थोडक्यांत अशी आहे. शेतकऱ्यांनीं आपला सहकारी संघ स्थापावा. संघाचा माल घेणाऱ्यानें एका ठराविक भावाखालीं उतरूं नये. बाजारभाव त्याहून चढा असेल तर बाजारभाव द्यावा. ऑगस्ट २०२३ पासून धुतलेल्या अरेबिका कॉफीचा हा किमान भाव पौंडास १.८० डॉलर आहे. सेंद्रिय असल्यास ४० सेंट अधिक. शिवाय २० सेंटांचा एक निधि संघाच्या हवालीं करावयाचा, आणि तो शाळेवर खर्चावा कीं वाळवणाच्या खळ्यांवर, हें सभासदांनीं सभेंत बसून ठरवावयाचें.

आतां सूनबाईंचें गणित. तिन्ही रकमांची बेरीज पौंडास २.४० डॉलर, म्हणजे किलोस सुमारें ५.३० डॉलर होते. भाजतांना कॉफीचें वजन घटतें. पाव किलो भाजलेल्या कॉफीस सुमारें ३०० ग्रॅम कच्च्या बिया लागतात. त्यांची किंमत सुमारें १.६० डॉलर, म्हणजे आपले १४० रुपये. सातशेंहून अधिक रुपयांच्या पुडक्यांत हा पांचवा हिस्सा झाला. आणि तोही शेतकऱ्यास नव्हे, तर बंदरांत माल पोंचविणाऱ्या संघास. बाकीचे चार हिस्से जहाज, भट्टी, वेष्टन, दुकान आणि सरकारी कर यांत जातात.

आम्हीं हें उत्तर वहीवर मांडून दाखविलें, तेव्हां नातवाचा चेहरा उतरला. त्यास आम्हीं म्हटलें, हिस्सा लहान आहे म्हणून योजना खोटी ठरत नाहीं. ज्या वर्षीं भाव ५० सेंटांवर येतो त्या वर्षीं पायाखालीं जमीन असणें आणि नसणें यांत घर राहणें व मोडणें एवढें अंतर आहे. व्यापाऱ्याच्या नफ्यास मर्यादा असावी हा विचार तरी आपणांस कोठें नवा आहे? कौटिल्यानें अर्थशास्त्रांत देशी मालावर शेंकडा पांच व परदेशी मालावर शेंकडा दहा एवढाच नफा व्यापाऱ्यास मान्य केला आहे, आणि खोट्या वजनमापास दंड सांगितला आहे. भेद इतकाच कीं, तेथें राजाची आज्ञा होती, येथें गिऱ्हाइकाची सदसद्विवेकबुद्धि आहे.

परंतु योजनेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. संघाचें सारें पीक या चिन्हाखालीं खपत नाहीं. उरलेलें सामान्य बाजारांतच जातें. सेंद्रियाचा दाखला मिळण्यापूर्वीं बहुवर्षायु पिकास तीन वर्षें कळ काढावी लागते, आणि तपासणीचा खर्चही सोसावा लागतो. फेब्रुवारी २०२५ मध्यें बाजारभाव पौंडास चार डॉलरांच्या वर गेला होता. अशा वेळीं किमान भाव नुसता कागदावर राहतो, आणि दारांत रोकड मोजणाऱ्या व्यापाऱ्याकडे सभासदाचें मन ओढतें. शिवाय हंगामांत फळें तोडावयास येणाऱ्या मजुराच्या पदरीं काय पडतें, हा प्रश्न उरतोच.

इतकें ऐकून सूनबाई म्हणाल्या, “पेरूच्या शेतकऱ्याचा हिशेब झाला. आतां आपल्या गुळाचा सांगा.”

येथें आम्ही निरुत्तर झालों, आणि त्याचें कारण वाचकांपासून लपविण्यांत अर्थ नाहीं. आमचा एक जुना विद्यार्थी जवळच्या खेड्यांत गुऱ्हाळ चालवितो. गेल्या संक्रांतीपूर्वीं त्यानें मोठ्या हौसेनें आमच्याकडे गुळाचा एक रवा पाठविला. काहिलींतली मळी काढण्यास त्यानें रानभेंडीच्या चिकाखेरीज कांहीं वापरलें नव्हतें. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून जी रासायनिक पूड टाकतात ती टाकली नव्हती. साहजिकच गूळ काळसर तांबूस उतरला होता. आमच्या कुटुंबानें तो पाहून म्हटलें, “याचा तिळगूळ काळा होईल, हळदीकुंकवाच्या बायका काय म्हणतील?” आम्हींही मान डोलावली, आणि रवा परत गेला.

या खेपेस तोच विद्यार्थी भेटावयास आला असतां आम्हीं त्यास विचारलें, चांगला गूळ करण्याचें कां सोडतोस? तो म्हणाला, “गुरुजी, सौद्यांत गुळाची परीक्षा डोळ्यांनी होतीया, जिभंनं न्हाई. पिवळा रवा दिसला की बोली चढती. काळा दिसला की व्यापारी फुडं सरकतोय. आन् व्यापाऱ्याला तरी काय म्हनायचं? तुमीबी संक्रांतीला माघारी धाडलासा न्हवं का?” त्याच्या शब्दांत राग नव्हता, आणि म्हणूनच ते आम्हांस अधिक लागले.

कोल्हापूरचा गूळ म्हणजे कांहीं सामान्य वस्तु नव्हे. कागलच्या घाटगे घराण्यांत जन्मून १८८४ सालीं कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनीं १८९५ सालीं शाहूपुरीची पेठ वसविली, ती गुळाच्या व्यापारासाठींच. २०१४ सालीं या गुळास भौगोलिक मानांकनही मिळालें. असें असूनही गुऱ्हाळें वर्षानुवर्षें कमी होत चाललीं आहेत. ऊंस साखर कारखान्यास घातला तर त्याच्या भावास कायद्याचा आधार आहे. २००९ पासून केंद्र सरकार रास्त व किफायतशीर दर ठरवितें. २०२५-२६ च्या हंगामासाठीं १०.२५ टक्के उताऱ्यास तो टनास ३,५५० रुपये होता, व त्यांतून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो. ऊंस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावे, उशीर झाल्यास शेंकडा १५ व्याज द्यावें, असा नियम आहे. तो पाळविण्यासाठीं शेतकऱ्यांस रस्त्यावर यावें लागतें आणि जयसिंगपुरास ऊंस परिषद भरवावी लागते, हें खरें. तथापि भांडावयास एक आंकडा तरी हातांत असतो. गुळास असा किमान भाव नाहीं. ज्या दिवशीं जो सौदा निघेल तो खरा. म्हणजे पेरूच्या शेतकऱ्यास निदान चिन्हाचा आधार आहे, आणि आमच्या विद्यार्थ्यास कायद्याचाही नाहीं व चिन्हाचाही नाहीं.

या विचारांतून आम्हांस एक गोष्ट उमगली, ती सांगण्यासाठींच हा प्रपंच. चिन्हाची गरज सातासमुद्रांपलीकडल्या गिऱ्हाइकास असते, कारण त्यास शेतकऱ्याचें तोंड दिसत नाहीं. ज्याचें गुऱ्हाळ आपल्या वाटेवर आहे, त्याच्या बाबतींत चिन्हाचें काम आपल्या डोळ्यांनींच करावयाचें असतें. तें न करतां आपण त्याच डोळ्यांनीं नुसता गुळाचा रंग पाहतों, आणि मग बाजारांत भेसळ माजली म्हणून हळहळतों. भेसळ करणाऱ्याचा दोष आहेच. परंतु त्या पिवळ्या रंगाची मागणी आमच्यासारख्या सुशिक्षित घरांतूनच गेलेली असते.

म्हणून आमच्या घरानें व शेजारच्या चार घरांनीं मिळून आमच्या विद्यार्थ्याशीं एक साधा करार केला आहे. वर्षाचा गूळ त्याच्याकडूनच घ्यावयाचा. भाव काहील चढण्यापूर्वीं ठरवावयाचा, आणि तो ठरवितांना कारखान्याचा ऊंसदर, जळण व मजुरी धरून वर त्याच्या कष्टांस कांहीं उरेल असा ठरवावयाचा. रंग जो उतरेल तो मान्य करावयाचा. आणि रवे घरांत येतील त्याच दिवशीं पैसे मोजावयाचे. सूनबाईंनीं त्यांत एक कलम आपलें घातलें: गुळव्यास आणि चुलीपुढें जाळ घालणाऱ्यास रोज काय मिळतें, तेंही त्यानें सांगावें. बीडकडून कोयता घेऊन येणारीं जोडपीं आमच्या दारावरून जातात. त्यांच्या मजुरींत २०२४ च्या जानेवारींत ३४ टक्के वाढ ठरली. पण उचल घेऊन, कच्च्याबच्च्यांसह पाचटाच्या खोपींत हंगाम काढणें कांहीं चुकलें नाहीं. तेव्हां न्याय्य भावाची गोष्ट बांधावर येऊन थांबतां कामा नये, हें त्यांचें म्हणणें आम्हांस सर्वथा पटलें.

हिशेब पाहतां किलोमागें वीस-पंचवीस रुपये अधिक पडतात आणि आमच्या घरास महिन्याला चार किलो गूळ लागतो. म्हणजे महिन्यास शंभर रुपयांची वाढ. एकत्र कुटुंबास ही रक्कम अगदींच क्षुल्लक नाहीं, पण जड व्हावी एवढीही नाहीं. प्रत्येक घरास हें साधेल असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यांस साधेल त्यांनीं निदान एकदां आपल्या गुळाचें, तांदुळाचें किंवा हळदीचें गांव विचारून पाहावें, इतकीच विनंति.

पुडक्यांतली कॉफी संपत आली आहे. ती उत्तम होती हें नमूद करणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. आमच्या कुटुंबानें मात्र ती गूळ घालूनच घेतली. येत्या संक्रांतीस आमच्या घरचा तिळगूळ काळसर असेल. कोणी कारण विचारलेंच तर सांगावयाचें काम त्यांनीं आपल्याकडे घेतलें आहे.